कांडपाच्या आवाजात

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. आधी सावकाश, मोठमोठी वळणं घेत, मग जमिनीला टेकता टेकता घाईघाईनं, आणि एकदम गप्प. शमूनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. एरवी असा आवाज झाला की दोघांपैकी कुणीतरी तिला दटावतंच. त्या दुपारी कुणी काही म्हटलं नाही. सुहास भिंतीला टेकून खाली बसला होता. बँकेतून आल्यापासून त्यानं पायातले मोजेसुद्धा काढले नव्हते. शमूनं झाकण उचललं, मुद्दाम पुन्हा पाडलं, आणि आम्ही हसतोय का ते बघत राहिली.

"जेवायला वाढू?" मी विचारलं.

"दादानं एकही हप्ता चुकवलेला नाही," तो म्हणाला.

"मी कुठं म्हणतेय चुकवला?"

"त्या बाईंना तसं वाटलं असणार."

"त्यांनाही नाही वाटलं. त्यांनी स्वतः सांगितलं ना, एकही हप्ता चुकलेला नाही म्हणून."

मी दोन ताटं वाढली आणि दोन्ही तशीच झाकून ठेवली.

तेव्हा आम्ही चिंचवडला एका जुन्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहत होतो. शमू झाल्यापासूनचं ते आमचं तिसरं घर. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्यामुळे पावसाळ्याच्या आत तेही सोडायचं होतं. रावेतच्या पुढे एका नव्या इमारतीत आम्ही फ्लॅट बुक केला होता. सुहासची भोसरीच्या कारखान्यातली सगळी शिल्लक, माझ्या शिकवण्यांचे पैसे आणि आईनं घातलेल्या पाटल्या असं सगळं त्यात गेलं होतं. करारात स्पष्ट लिहिलं होतं की पाडव्यापर्यंत बँकेची मंजुरी आणली नाही तर फ्लॅट दुसऱ्याला जाणार, आणि भरलेल्या पैशांतला बराचसा भाग बिल्डरकडेच राहणार.

आणि त्या सकाळी बँकेतल्या होनराव मॅडमनी आमची फाइल आमच्याकडे सरकवली होती.

"पगार चांगला आहे, नोकरी पक्की आहे," त्या म्हणाल्या होत्या. "पण तुमचं हे क्रेडिट कार्ड. चार वर्षं ते काठोकाठ भरलेलं आहे. दर महिन्याला फक्त कमीत कमी रक्कम भरली जातेय."

"वेळेवर भरली जातेय," सुहास म्हणाला.

"अगदी वेळेवर. पण कर्ज जागचं हललेलं नाही. कमीत कमी भरलं की दंड टळतो एवढंच, व्याज चालूच राहतं. त्यात मधेमधे पुन्हा कार्ड वापरलंय. बघणाऱ्याला वाटतं, या माणसाचं आहे त्यातच भागत नाही, हा घराचा हप्ता कुठून भरणार?" मग त्यांनी पान उलटलं. "आणि हे काय? एका महिन्यात इतक्या बँकांकडे अर्ज?"

ते सुहासचं काम. खैरनार नावाचा एजंट होता, तो म्हणाला, साहेब, एकदम सगळीकडे फाइल टाकू, जो कमी व्याज देईल त्याचं घेऊ. सुहासला ते पटलं. आम्ही भाजीसुद्धा चार गाड्यांवर भाव विचारून घेणारी माणसं.

"प्रत्येक बँक तुमचं रेकॉर्ड उघडून बघते, आणि बघितल्याची नोंद राहते," मॅडम म्हणाल्या. "लागोपाठ इतक्या जणांनी बघितलं की पुढच्याला शंका येते, हा माणूस पैशासाठी दारोदार का फिरतोय? स्कोअर आधीच खाली होता, तो आणखी घसरला. कार्डाची बाकी पूर्ण भरून तसं पत्र आणा. मग मी फाइल वर पाठवते. त्याशिवाय नाही जमणार."

ती बाकी भरायला आमच्याजवळ काही उरलेलं नव्हतं. आणि ते कार्ड सुहासच्या नावावर असलं तरी त्यातला एक रुपयाही आम्ही खर्च केलेला नव्हता.

ते दादांचं होतं.

रंगरावदादा सुहासपेक्षा बरेच मोठे. सासरे गेले तेव्हा सुहास शाळेत होता. दादांनी कॉलेज सोडलं आणि गडहिंग्लजच्या मिरची बाजारात पोती उचलायला लागले. त्या पोत्यांवर सुहासचा डिप्लोमा झाला. सुहास पुण्याला निघाला तेव्हा दादांनी स्टँडवर त्याच्या हातात डबा दिला आणि म्हणाले, "मागं बघू नको, गाडी लागंल." ही गोष्ट सुहासनं मला लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत सांगितली होती, आणि सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता.

खांदा दुखायला लागला तेव्हा दादांनी चटणी कांडपाचं मशीन घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं लाल तिखट, उन्हाळ्यातच करून ठेवायची पद्धत. तेवढे अडीच-तीन महिने कांडपावर बायकांची रीघ असते. पण दादांना कुणी कर्ज देईना. त्यांनी जन्मात कुणाचं कर्ज घेतलेलं नव्हतं, म्हणून त्यांच्या नावावर कसलीच नोंद नव्हती, आणि नोंद नाही म्हणून कर्ज नाही. तेव्हा फोनवर ते सुहासला म्हणाले, "तुझ्या नावावर घे. फेडतो मी."

आमच्यात असं नावावर घेतातच. मशीन कार्डावर घेतलं. पुढे मोटर बदलली, मुसळं बदलली, तेही दादांनी सांगितलं की सुहासनं त्याच कार्डावर. दादांच्या फोनवर पैसे भरायची सोय करून दिली. बँकेचा मेसेज आला की सुहास तो न वाचता दादांना पुढे पाठवायचा, आणि दादा भरायचे. किती भरले, किती उरले, हे सुहासनं कधीच विचारलं नाही.

"एकदा विचार ना," मी त्या दुपारी म्हटलं.

"काय विचारू?"

"किती राहिलंय, कसं भरता येईल. परके आहेत का ते?"

"परका नाही म्हणूनच. दादाकडे हिशेब मागू? मी?" त्यानं मोजे काढले, एकात एक घालून त्यांचा गोळा केला आणि हातातच धरून बसला. "ज्यानं माझ्यासाठी पोती उचलली त्याला सांगू, तुझ्यामुळे माझं घर जातंय?"

"मग नको सांगू. जाऊन तर येऊ. चटणी करायचीच आहे."

*

आम्ही गडहिंग्लजला पोचलो तेव्हा कांडपाचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येत होता. चार लोखंडी मुसळं आळीपाळीनं उखळात पडत होती, आणि प्रत्येक ठोक्याला पायाखालची जमीन हलत होती. सीझनचे पहिलेच दिवस. तरी दारात पाच-सहा बायका डबे घेऊन बसल्या होत्या, आणि सगळ्यांच्या नाकाला पदर.

"पुण्याचं पाव्हणं आलं की गा!" त्यातली एक म्हातारी ओरडली. "रंगराव, तुझा साहेब आला बघ. आता नंबर लावणार का मधनंच घुसणार?"

"साहेब असंल तिकडं पुण्यात," दादा आतून म्हणाले. अंगावर लाल भुकटी, भुवयासुद्धा लाल. "हितं नंबरानंच."

बायका हसल्या. सुहास वाकून पाया पडायला गेला आणि तिथंच त्याला शिंक आली. मग एकामागून एक शिंका. दादा इतके हसले की त्यांना खोकला लागला. "हे बघा, मिरचीच्या गावचा माणूस! पुण्याच्या पाण्यानं पार मऊ झालं ओ पोरगं!"

शमूला घेऊन मी मागच्या घरात गेले. माझी मोठी जाऊ, शालनताई, कढईत धणे भाजत होत्या. त्यांनी शमूचे पापे घेतले, तिच्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वाळलीस की गं. काय झालं?"

"काही नाही ताई. घराची धावपळ."

"व्हय, घर. ह्यांचं रोज चाललंय. गल्लीत सगळ्यास्नी सांगून झालं, माझ्या भावानं पुण्यात फ्लॅट घेतला म्हणून. लिफ्ट हाय म्हणं."

"आहे."

"मला तर बाई लिफ्टची भीती वाटती. मी जिन्यानं येणार."

जेवताना दादांनी स्वतःहून विषय काढला. खिशातून फोन काढला, पंच्यानं पुसला आणि सुहासपुढं धरला.

"हे बघ. मेसेज आला की दुसऱ्या दिवशी भरतोय. तुझ्या वहिनीचं ऑपरेशन झालं त्या महिन्यातबी चुकविलं न्हाई. तुझं नाव हाय त्यावर, म्हटलं, नावाला बट्टा लागता कामा नये."

मला फोनचा पडदा दिसत होता. दोन आकडे होते. वरचा मोठा, एकूण बाकीचा, आणि खालचा लहान. दादा बोट ठेवून दाखवत होते तो खालचा. चार वर्षं दर महिन्याला त्यांनी तोच भरला होता. बँक जेवढं मागते तेवढा हप्ता, असंच त्यांना वाटत होतं. ज्यानं आयुष्यभर बाजारात रोखीनं व्यवहार केला त्याला दुसरं काय वाटणार?

"आता थोडंच राहिलं असंल न्हवं?" दादांनी विचारलं.

सुहासनं भाकरीचा तुकडा मोडला. "हो दादा. थोडंच."

मी ताटाआडून त्याच्या गुडघ्याला हात लावला. त्यानं गुडघा बाजूला घेतला.

जेवण झाल्यावर दादा पुन्हा मशीनवर गेले. आमच्या मिरच्यांचा नंबर आला होता. मी दारात उभी राहिले, पदर नाकाला लावून. सुहास दादांच्या शेजारी उभा होता. दादा एका काठीनं उखळाच्या कडेची चटणी आत ढकलत होते. मुसळ वर गेलं की काठी आत, खाली यायच्या आत काठी बाहेर. त्यांची नजर तिथून हलत नव्हती. मला वाटलं, आता बोलेल, नाहीतर कधीच बोलणार नाही.

आणि तो बोलला.

तो दादांच्या कानाशी वाकला आणि बोलायला लागला. आवाज इतका होता की मला तुटक तुटकच ऐकू आलं. "...बँक नाही म्हणतेय... कार्डामुळं... पाडव्यापर्यंत... घर जातंय दादा, सगळं जातंय..." त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. दादांची काठी मात्र तशीच आत-बाहेर होत होती, एकदाही चुकली नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त ती लाल भुकटी.

मग दादांनी हात लांब करून बटण बंद केलं.

मुसळं दोन-तीनदा आपल्या वजनानं पडली आणि थांबली. सगळी गल्ली एकदम शांत झाली. दारातल्या बायका बोलायच्या थांबल्या. दादांनी काठी भिंतीला टेकवली आणि सुहासकडे वळले.

"काय म्हणालास?"

सुहासनं माझ्याकडे पाहिलं. मग बायकांकडे. मग दादांच्या भुवयांकडे.

"काही नाही," तो म्हणाला. "म्हटलं, मिरची यंदा लालभडक आहे."

दादा त्याच्याकडे बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "संकेश्वरी हाय."

आणि त्यांनी बटण चालू केलं.

*

परतीच्या एस.टी.त सुहास मला म्हणाला, "मी सांगितलं होतं. त्यालाच ऐकू आलं नाही." मी खिडकी थोडी लावून घेतली. मांडीवर चटणीचा डबा होता, अजून कोमट. शमू माझ्या दंडाला डोकं टेकून झोपली होती.

त्यानंतर आम्ही घराचा विषय बंदच केला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पुठ्ठ्याची खोकी आणायला लागले, आणखी एका भाड्याच्या घरासाठी. सुहास खैरनारचे फोन उचलत नव्हता.

पाडव्याला आठवडाभर होता नव्हता, तेव्हा एका सकाळी सुहास मोरीतून ओल्या अंगानंच बाहेर आला. हातात फोन. "रेवती, हे काय आहे बघ. मला नीट वाचता येत नाहीये."

कार्डाची सगळी बाकी भरली गेल्याचा मेसेज होता. एकूण देणं, शून्य.

त्यानं तिथल्या तिथं दादांना फोन लावला, आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"दादा, एवढे कुठून आले?"

"सीझन चांगला लागला."

"अरे पण सीझन आत्ता कुठं—"

"बायका आगाऊ देतात की रे. तू बँकेत जा. उशीर करू नको."

सुहास हसत होता, रडत होता, त्यानं शमूला उचलून गरागरा फिरवलं. मी मात्र फोनकडेच बघत राहिले होते. सकाळची वेळ होती, कांडपाची ऐन वेळ. दादांच्या आवाजामागे काहीच नव्हतं. कुठंतरी कोंबडा ओरडला तोही स्वच्छ ऐकू आला.

होनराव मॅडमनी बाकी नसल्याचं पत्र फाइलला लावलं आणि आमच्यादेखत शिक्का मारला. सुहासनं पाकिटातून कार्ड काढलं. "हे आता बंदच करून टाकतो, मॅडम. कापूनच टाकतो."

"मुळीच नको," त्या म्हणाल्या. "तुमचं सगळ्यात जुनं खातं तेच आहे. इतकी वर्षं एकही दिवस उशीर झालेला नाही, हे त्याच्यावरूनच दिसतं. ते आता तुमच्या बाजूनं बोलेल. जवळ ठेवा. फक्त भरू देऊ नका, रिकामं ठेवा."

सुहासनं ते पुन्हा पाकिटात ठेवलं. मला वाटलं, ती इतक्या वर्षांची शिस्त दादांची आहे, हे या बाईंना कोण सांगणार? मंजुरी पाडव्याच्या आदल्या दिवशी आली.

*

वास्तुशांत वैशाखात केली. दादा आणि शालनताई सकाळच्या गाडीनं आले. ताई खरोखर जिन्यानं चढून आल्या, आणि तिसऱ्या मजल्यावर दम खात बसलेल्या शेजारच्या आजोबांशी ओळख करूनच वर पोचल्या. सुहासनं पाटावर बसायचा आग्रह धरला. "दादा, तू आणि वहिनी बसा पूजेला. मोठे तुम्ही."

"घर तुझं हाय," दादा म्हणाले. "तू बस."

"माझं आणि तुझं वेगळं आहे का?"

दादा हसले. त्यांनी सुहासच्या खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि मागे भिंतीपाशी खुर्चीवर जाऊन बसले. हातातली पिशवी मांडीवरच.

स्वयंपाकघरात ताईंनी त्यांच्या पिशवीतून चटणीचा डबा काढला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. वैशाख होता, कांडपाचे खरे दिवस. या दिवसांत दोघांपैकी एकाला जेवायलासुद्धा फुरसत नसायची, आणि इथं दोघंही आले होते.

"ताई," मी म्हटलं, "मशीनवर कोण आहे?"

त्या डब्याचं झाकण घट्ट करत होत्या. घट्ट होतंच, तरी करत राहिल्या. "मशीन न्हाई आता."

"म्हणजे?"

"नेसरी गावच्या बचत गटानं नेलं. चांगल्या बायका हाईत. ही चटणी तिकडंच जाऊन करून आणली. नंबर लावून." त्या किंचित हसल्या. "आमच्याच मशीनवर पैसं देऊन."

माझ्या हातातलं ताट मी ओट्यावर ठेवलं. "पण दादांना कळलं कसं? ह्यांनी तर काही सांगितलंच नाही. त्या दिवशी सांगत होते, पण मशीनच्या आवाजात—"

"सगळं ऐकू आलं होतं, रेवती." त्या आता माझ्याकडे बघत होत्या. "चार वर्षं त्या आवाजात उभा हाय माणूस. बायका येतात, कुणाची सून नीट वागत न्हाई, कुणाचा नवरा दारू पितोय, सगळं त्या आवाजातच बोलतात. दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आमच्या कानाला सवय झालीया. तुझ्या नवऱ्याचा एक शब्द त्यांचा चुकला न्हाई."

"मग मशीन बंद करून विचारलं कशाला?"

"बंद केल्यावर परत म्हणतोय का, ते बघायला."

बाहेर गुरुजींनी शंख फुंकला. शमू टाळ्या पिटत होती.

"तुम्ही गेला त्या दिवशी ह्यांनी चूलच पेटवू दिली न्हाई," ताई म्हणाल्या. "म्हणालं, शालन, पोरगं मला लाजलं गं. पाव्हण्याजवळ मागताना माणूस लाजतंय, घरच्याजवळ भांडून मागतंय. मी कवा पाव्हणा झालो?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला, चटणीचा हात होता. "मग बँकेत जाऊन तिथल्या माणसाकडनं ते कमीत कमीचं काय हाय ते समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बघून आलं."

"ह्यांनी त्या शांततेत सांगितलं असतं तर?" मी विचारलं. "तर मशीन राहिलं असतं का?"

ताईंनी डबा ओट्यावर सरकवला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मशीन तवाबी विकलं असतं. दुसरं होतं काय आमच्याजवळ? पण मग दोघांनी मिळून विकलं असतं. भांडून, रडून. मग सुहासनं चार शिव्या खाल्ल्या असत्या, ह्यांनी खाल्ल्या असत्या. आणि आज तुझ्या सासऱ्याचा थोरला ल्योक त्या पाटावर बसला असता."

त्या दिवशी ते दोघं मुक्कामाला राहिले नाहीत. परतीचं तिकीट काढूनच आले होते.

मी सुहासला सांगितलं ते पाहुणे पांगल्यावर, दोन-तीन दिवसांनी. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून एकटाच गडहिंग्लजला गेला. जाताना तेच कार्ड घेऊन गेला. दादांना म्हणाला, चल, आत्ता जाऊन नवीन मशीन घेऊ, फेडणार मी. दादा तोवर एका मिरची व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर बसायला लागले होते. त्यांनी सुहासला शेजारी बसवलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "बसून काम हाय आता. खांद्याला बरं पडतंय. ते कार्ड रिकामंच असू दे. मॅडमनी सांगितलंय म्हणाला होतास न्हवं फोनवर?"

सुहास पुष्कळ बोलला म्हणे. या खेपेस तिथं कसलाच आवाज नव्हता. दादांनी सगळं ऐकलं आणि त्याच्या पाठीवर हात फिरवला, पाहुण्याच्या मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

*

त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. कर्जाचा हप्ता दर महिन्याला जातो. घर छान आहे. सकाळी स्वयंपाकघरात ऊन येतं, आणि शमूच्या खोलीतून लांबवर डोंगराची एक रेघ दिसते. दादा वर्षातून एखाद्या वेळी येतात. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी आले होते. सुहासनं त्यांना घ्यायला जाण्यासाठी अर्धी रजा घेतली, वाटेत मोसंबी घेतली, आणि घरी आणून सोफ्यावर बसवलं. दोघं पावसाबद्दल बोलले. मग मिरचीच्या भावाबद्दल. मग सुहासनं पंख्याचा वेग वाढवला, आणि दादा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की, बरं हाय."

मी आत पोळ्या करत होते. दादा उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशीच थांबले.

"बाई, जरा पाणी मिळंल का?"

मी दिलं. ते उभ्यानंच प्यायले, भांडं विसळून ठेवायला लागले, मी ते त्यांच्या हातातून घेतलं.

ते संध्याकाळच्या गाडीनं गेले. सुहास स्टँडवर पोचवायला गेला होता. शमू ओट्याशी उभी राहून राहिलेलं मोसंबं सोलत होती. आता नऊ वर्षांची आहे ती. सुट्टीत आठवडाभर गडहिंग्लजला राहून येते, आणि आली की आठवडाभर तिकडच्यासारखं बोलते.

"आई," ती म्हणाली, "काकांच्या घरी मी पाणी मागितलं ना, की ते मलाच ओरडतात. 'विचारतीस काय, माठ तुझाच हाय' म्हणतात. मग ते आपल्या घरी पाणी मागून का पितात?"